शेजारच्या सीटवरचा वाचक

अमरावती ते अकोला रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाला लोक विचारतात, थकत नाही का? थकतो. पण माझी थकावट बसची नाही, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली. आणि कबूल केलं तेही कोणापुढे, तर मोबाइलमधल्या अनोळखी लोकांपुढे.

मी अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवतो, राहतो अमरावतीत. सकाळी सातची एसटी, डावीकडची चौथी सीट. शेजारी अकरा वर्षांपासून एकच माणूस. पाटबंधारे खात्यातला कारकून, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, बडनेऱ्याला चढणारा. त्याच्यासाठी मी सीटवर रुमाल टाकून ठेवायचो आणि तो बसल्या बसल्या मान वाकडी करून माझा पेपर वाचायला लागायचा. आमच्याकडे दुसऱ्याच्या हातातला पेपर वाचण्यात कोणाला काही वाटत नाही. ह्यानं तर तो हक्कच करून टाकला होता. माझं पान अर्धं व्हायच्या आत त्याचं पूर्ण व्हायचं, आणि मग तो म्हणायचा, "झालं सर, पलटवा."

मूर्तिजापूर गेलं की आम्ही डबे उघडायचो. त्याच्या डब्यात बाराही महिने जाड पोळ्या आणि बटाट्याची करपलेली भाजी. वहिनींना सांगा, जगात दुसऱ्याही भाज्या असतात, असं मी त्याला कितीदा चिडवलं असेल. तो हसायचा आणि माझ्या डब्यातलं वांगं घ्यायचा.

मग माझं बिनसलं. एकदम नाही, हळूहळू. आंघोळ करणं हेसुद्धा मोठं काम वाटायला लागलं. एकदा फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता मी मध्येच थांबलो आणि पुढची पायरी काय, ते कळेना. मुलांनी अर्धंच उदाहरण मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं. अकोल्यातल्या एका डॉक्टरनं सांगितलं, हे डिप्रेशन आहे, गोळ्या घ्याव्या लागतील. घरी मी बायकोला सांगितलं की पाठीच्या गोळ्या आहेत. तेव्हापासून ती बिचारी रोज रात्री माझ्या पाठीला तेल लावते. त्या तेलाची मला फार लाज वाटते.

ह्याच दिवसांत मला तो ऑनलाइन ग्रुप सापडला. ह्या आजारातले मराठी लोक तिथं टोपणनावानं मोकळेपणी लिहायचे. मी पहिल्यांदा फक्त एवढंच लिहिलं, 'मला बरं नाही, आणि हे घरी कोणालाच माहीत नाही.' पंधरा-वीस लोकांनी उत्तर दिलं. काहींची उत्तरं मला आवडली नाहीत. 'व्यक्त होत राहा' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, मी काय निबंध स्पर्धेला बसलोय? पण एका बाईनं विचारलं, आज जेवलात का? ते वाचून बसमध्ये माझे डोळे भरून आले.

घरी निवांतपणा नाही, म्हणून लिहायचो बसमध्येच. पेपर घेणं बंद झालं. जवळचं दिसत नव्हतं, पण चष्मा लावायचा नाही हा माझा हट्ट, म्हणून फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती. एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावायचे. शेजारी कारकून डोळे मिटून बसलेला असायचा. माझ्यामुळे बिचाऱ्याचा पेपर गेला, आता झोपतो, असं मला वाटायचं.

असं वर्षभर चाललं. मग मला त्याचाही कंटाळा आला. तेच तेच लिहायचं, त्याच त्या गोळ्या, आणि सकाळ आहे तशीच. मागच्या उन्हाळ्यात गोळ्यांची पट्टी संपली आणि मी नवी आणली नाही. दोन दिवस तसेच काढले. तिसऱ्या दिवशी बसमध्ये ग्रुपवर निरोपाचं लिहायला घेतलं. 'आजपासून गोळ्या बंद. इथलं लिहिणंही बंद. बरं होण्याचाही थकवा येतो.' शेवटचं वाक्य मला जमून आल्यासारखं वाटलं, म्हणून पुन्हा वाचत होतो.

शेजारून हळू आवाज आला, "सर, गोया बंद नोका करू."

मी आधी फोन छातीशी धरला आणि मग भडकलो. माझ्या फोनमध्ये काहून पाहता, असं जरा मोठ्यानंच विचारलं. पुढच्या सीटवरच्या दोन बायांनी वळून पाहिलं.

तो शांतच होता. "तुमी पेपर घेनं बंद केलं," तो म्हणाला. "मंग मी काय वाचू?"

वर्षभर त्यानं सगळं वाचलं होतं. पाठीचं तेलही त्याला माहीत होतं. मला संताप आला आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की त्याचाही राग आला.

मग त्यानं जे सांगितलं ते मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याच्या बायकोला हाच आजार आहे. सहा वर्षांपूर्वी तिनं कोणाला न विचारता गोळ्या सोडल्या, तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. डबा तो स्वतःच करतो. त्याला बटाट्याशिवाय काही येत नाही.

"ते काईच बोलत नाई," तो म्हणाला. "लिवलं असतं त मी वाचलं असतं."

त्या करपलेल्या भाजीवर मी केलेली सगळी थट्टा मला आठवत होती. लिहिलेला निरोप मी पुसून टाकला. अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यावर तो ऑफिसच्या रस्त्याला न लागता माझ्याबरोबर मेडिकलपर्यंत आला आणि पट्टी माझ्या खिशात जाईपर्यंत उन्हात उभा राहिला.

परतताना बडनेरा जवळ आलं तेव्हा त्यानं विचारलं, तिथं घरच्या लोकांनाही लिहिता येतं का? येतं, मी म्हणालो. त्याचा फोन घेऊन ग्रुप उघडून दिला. तो एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहायला लागला. 'माह्या बायकोले सहा वर्सापासून बरं नाई.' मी मान वाकडी करून वाचत होतो. माझ्या लक्षात आलं की त्यानं फोन माझ्याकडे जरा तिरपा धरलाय.

"झालं का, सर?" त्यानं विचारलं.

थांबा, मी म्हणालो, अजून वाचून राहिलो.