कुसुमताईंच्या नाड्या

'कुसुमताई गेल्या' असा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मी कणकेच्या हातांनीच समोरच्या दारात धावले. आदल्या संध्याकाळीच त्या माझ्यावर ओरडल्या होत्या, पॅसेज धुताना पाणी त्यांच्या उंबऱ्याकडे ढकलते म्हणून! नेरूळच्या आमच्या इमारतीत आम्ही वीस वर्षं समोरासमोर राहिलो आणि त्यातली निम्मी भांडण्यात घालवली. आता भांडायला कुणी नाही, याचा फार राग येतो मला.

यंदा कोकणात पूर आला तेव्हा सोसायटीनं कपडे गोळा केले. मी सहा परकर धुऊन, इस्त्री करून दिले. चांगल्या नाड्या तेवढ्या काढून ठेवल्या... आपण बायका ठेवतोच की! दहा मिनिटांत ताई गठ्ठा घेऊन दारात.

"नीता, नाड्या कुठायत?"

"अहो, घालतील की त्या! एवढं काय टेन्शन घेता?" मी फणकारले.

एरवी आवाज चढवणारी ही बाई चक्क माझ्या सोफ्यावर बसली. "आमचं घर पुरात गेलं तेव्हा मी सातवीत होते. आईला असाच परकर मिळाला. सगळंच वाहून गेलेलं, नाडी आणायची कुठून? सुतळी बांधली तिनं. कमरेला वळ उठले गं... आणि जेवणाच्या रांगेत एका हातात ताट, दुसरा हात सारखा कमरेवर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काढलेल्या सहाही नाड्या घेऊन मी त्यांच्यामागून सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथल्या ढिगात तसेच कितीतरी परकर! दुपारभर दोघी सेफ्टीपिनेनं नाड्या ओवत बसलो. "टोकाला गाठ मार, नाहीतर आत जाते," हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला आणि नेमके चार परकर उरले, नाड्या संपल्या. "थांबवा रे त्याला, घरात आहेत माझ्या," म्हणत त्या जिना चढून गेल्या आणि धापा टाकत चार नाड्या घेऊन आल्या.

परवा त्यांच्या सुनेनं कपडे माझ्याकडे आणून दिले. "काकू, गरजूंना द्या. आई हल्ली गाऊनच घालायच्या, साड्या नुसत्या पडून होत्या." साड्यांखाली चार परकर होते. एकातही नाडी नव्हती... मी तिथंच, दारात, हमसून रडले.

मग मार्केटात जाऊन नव्या नाड्या आणल्या. ताईंची सेफ्टीपिन माझ्याच बांगडीत राहिली होती. चौथा परकर ओवून झाला, टोकाला गाठ मारली आणि सवयीनं समोरच्या दाराकडे बघून हाक मारली, "ताई, बघा हो, नीट बसलीय का?"