दारूचं सर्टिफिकेट आणि ब्लॅक फॉरेस्ट केक

माझ्या नवऱ्याला जर्मनीत दारूचं सर्टिफिकेट मिळणार आहे, ही बातमी आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाईंनी इथून फोन करून सगळ्या सांगलीला कळवली.

"अहो आई, दारूचं नाही," मी समजावलं. "दारू सुटलेल्यांचं आहे."

"दारू सोडली म्हणून सर्टिफिकेट? मग तुझ्या सासऱ्यांना तंबाखूचं कुणी दिलं नाही ते?"

गोष्ट तशीही नव्हती. मिलिंद गाड्यांचा इंजिनिअर. मधली काही वर्षं तो इतका प्यायला, की नोकरी, घर आणि मी, तिन्ही गोष्टी त्याच्या हातून जायच्या बेतात होत्या. मग उपचार झाले, तो सावरला आणि स्टुटगार्टमध्ये त्याने एक कोर्स धरला. तिथे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच प्रवेश. शिकून झालं की ही माणसं नव्याने दारू सोडणाऱ्यांना सोबत करतात. अशा माणसाला जर्मनमध्ये गेनेझुंग्सबेग्लायटर म्हणतात. (हा शब्द एका दमात म्हणता आला, की आपण शुद्धीत आहोत हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.)

मिलिंद सावरल्यापासून मी घरची कस्टम ऑफिसर झाले होते. चॉकलेट, व्हिनेगर, खोकल्याचं औषध, काहीही असो, लेबल वाचल्याशिवाय उंबरा ओलांडून आत येत नसे. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगासुद्धा मी आडून आडून हुंगत असे.

समारंभ शनिवारी दुपारी होता. कॉफीबरोबर प्रत्येकाने काहीतरी आणायचं होतं.

"चिवडा नेऊ या," मिलिंद म्हणाला.

"सर्टिफिकेटला चिवडा? काहीतरीच काय. मी केक आणते."

आणि मी आमच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या बेकरीतून ब्लॅक फॉरेस्ट केक आणला. पुण्यात पहिलीतल्या पोरांच्या वाढदिवसाला असतो, तोच. इथे मी केक घरीच करायचे, त्यामुळे तो विकत आणायची वेळ कधी आली नव्हती. तरी चौकशी मी कडक केली. सासूबाई शाकाहारी. अंडं 'दिसत नसेल तर चालेल' इथवर त्या जर्मनीत आल्या होत्या, पण जिलेटिन नको होतं.

"जिलेटिन आहे का?" मी विचारलं.

"नाइन, अजिबात नाही," काउंटरवरची बाई म्हणाली. मग अभिमानाने पुढे, "आमचा केक अगदी अस्सल असतो. आम्ही हात आखडता घेत नाही."

मला वाटलं, क्रीमबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर, असंच पाहिजे."

समारंभ फार छान झाला. मिलिंदने सर्टिफिकेट दोन्ही हातांनी घेतलं. सासूबाईंना एक शब्द कळत नव्हता, तरी पदर डोळ्यांना लावून त्या सगळ्यांसाठी रडल्या. मग मी केक कापून वाटला. वयाचा मान म्हणून पहिली प्लेट सासूबाईंना.

"मृणाल, केक चांगलाय गं," दुसऱ्या घासाला त्या म्हणाल्या. "छातीत कसं उबदार वाटतं. गुडघासुद्धा मोकळा झाला."

मी हसून मान वळवली. मिलिंदचा चमचा ओठांपाशी पोचला होता. शेजारी त्याच्याच वर्गातला डीटर बसला होता, धिप्पाड ट्रकवाला. त्याने स्वतःचा चमचा नाकाशी नेला, थांबला आणि मिलिंदचं मनगट धरलं.

"मिलिंद, नको. यात श्नाप्स आहे. चेरीची दारू. अस्सल केकात ती असतेच."

हळूहळू खोलीतले सगळे चमचे खाली आले. ही माणसं कुठकुठून दारूपासून पळत इथवर पोचली होती, आणि मी ती क्रीम लावून, वर चेरी ठेवून, कागदी रुमालासकट त्यांच्या हातात दिली होती.

मिलिंदने प्लेट बाजूला सरकवली. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे प्लेटा गोळा केल्या आणि केक उचलला.

"कुठे नेतायत?" सासूबाई म्हणाल्या. "मला अजून एक तुकडा हवा होता."

मिलिंदने ते जर्मनमध्ये सांगितलं आणि अख्खी खोली हसली. मी मात्र बाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन रडायला लागले.

थोड्या वेळाने मिलिंद येऊन शेजारी बसला.

"काय वाटतंय?" त्याने विचारलं.

मग मी सुरू झाले. आधी केक, मग बेकरीवाली, मग त्याची पिण्याची वर्षं, मग मला वाटलेली भीती, जी मी कधी कुणाला सांगितली नव्हती. तो मान हलवत होता. मध्ये बोलला नाही, घड्याळ बघितलं नाही.

"अरे, काहीतरी बोल ना," शेवटी मी म्हटलं. "रागव तरी."

"आम्हाला रागवायला नाही शिकवलं," तो म्हणाला. "सल्लाही नाही द्यायचा. फक्त ऐकायचं."

लग्नानंतर मिलिंदने माझं सलग अर्धा तास ऐकलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्यासाठी त्याला अख्खा कोर्स करावा लागला, आणि मला त्याच्या सगळ्या वर्गाला दारू पाजायला निघावं लागलं.