जावयाची खोली आणि झुंबर पगारे

मे महिन्यात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्वेटर घालून हिंडणारा एकच माणूस होता आणि तो आमच्या कंपनीत होता. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं, मशीन शॉपमधली माणसं बनियन पिळून वाळत घालायची आणि झुंबर पगारे जेवणाच्या सुटीत विटकरी स्वेटर, माकडटोपी आणि नाकाला रुमाल अशा थाटात कँटीनमध्ये अवतरायचा. अवतरायचा आणि वर शिंकायचा.

"काय झुंबरभाऊ, काश्मीरहून कधी आलात?" असं कोणी ना कोणी रोज विचारायचंच.

"हसा," तो ताट पुढे ओढत म्हणायचा. "तुमच्याकडे नुसता पंखा आहे. माझ्याकडे हवामान आहे."

या हवामानाचं कारण म्हणजे कंपनीनं चौऱ्याऐंशी साली आणलेला कॉम्प्युटर. तीन कपाटं एकमेकांना टेकवून ठेवावीत एवढा त्याचा देह. मुंबईहून ट्रकमधून आला, त्याच्यासाठी काचेच्या दाराची वेगळी खोली बांधली, तिला दोन एसी बसवले. आल्यापासून त्यानं काम काय केलं ते कोणाला दिसलं नव्हतं, पण मान मोठा होता. जरा कुठं बिनसलं की मुंबईहून माणूस धावत यायचा. शॉपमधल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव जावई ठेवलं.

जावयाला सोडायला आलेल्या इंजिनीअरनं जाताना सगळ्यांना बजावलं होतं: खोली थंड ठेवा, कोरडी ठेवा, धूळ येऊ देऊ नका, व्होल्टेजवर नजर ठेवा आणि काम नसलेल्या माणसाला आत सोडू नका. जीएम साहेबांनी त्याचेच नियम करून दारावर लावले, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहाला गेलो. झुंबर गेला नाही. आयटीआयमधून वायरमन होऊन आलेला हा गडी या खोलीवर नेमला गेला होता आणि त्यानं ते सांगणं शपथेसारखं घेतलं. आमच्यापैकी कोणी ते असं घेईल अशी त्या इंजिनीअरचीही अपेक्षा नसावी.

खोलीत भिंतीवर दोन थर्मामीटर होते. एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाला ओली चिंधी. दोन्हींतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो म्हणे. झुंबर त्यांच्याकडे आजारी मुलाच्या उशाशी बसल्यासारखा बघत बसायचा. "आज खोलीला कणकण आहे," असं तो खरोखर काळजीनं सांगायचा. शेजारी ताटाएवढा व्होल्टमीटर. त्याच्या काचेवर त्यानं बायकोच्या, लताबाईंच्या, नेलपॉलिशनं तांबडी रेघ ओढली होती. सुई रेघेखाली आली की जावयाचं काम हळुवारपणे थांबवायचं, नाहीतर तो झटका बसून सगळं विसरतो. हे आत कॉम्प्युटरवर आकडे भरणाऱ्या मुलींना कळावं म्हणून झुंबरनं भांडी बाजारातून स्वतःच्या पैशानं एक पितळी घंटा आणली. आवाज असा दणदणीत की शेजारच्या कारखान्याची भट्टी पेटली, सुई पडली आणि झुंबरनं घंटा दिली की आमच्या कँटीनमध्ये लोक ताटं घेऊन रांगेत उभे राहायचे. पहिले काही महिने आमची कंपनी दिवसातून अनेकदा जेवायला धावली.

पण खरी गंमत दाराची. उन्हाळ्यात अख्ख्या प्लॉटवर थंड जागा एकच, त्यामुळे प्रत्येकाला त्या खोलीत काही ना काही ठेवायचं असायचं. कँटीनच्या भिमाबाईंना ताकाची घागर ठेवायची होती. स्टोअरच्या देवरामला जेवणानंतर स्वतःलाच ठेवायचं होतं. ड्रायव्हर मोतीरामला निफाडहून आणलेली द्राक्षांची पेटी ठेवायची होती. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं. मी हिशेब खात्यातला, म्हणजे तसा वजनदार माणूस. घामोळ्यांनी पाठ पेटली म्हणून पाच मिनिटं आत उभं राहू दे म्हटलं, तर झुंबर गंभीरपणे म्हणाला, "घामोळं हे काम नाही, साहेब."

ज्याला काम असेल त्यानं जोडे बाहेर काढायचे, दाराशी ओळीनं मांडलेल्या पांढऱ्या कापडी सपाता घालायच्या, मग आत. भिमाबाई त्याच्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. वाढताना त्याच्या ताटात भाजीचा नुसता रस्सा पडायचा. तो पठ्ठ्या रस्सा पिऊन परत दारावर.

मग शहाऐंशीच्या मे महिन्यात आमच्या जीएम साहेबांच्या मुलीचं लग्न निघालं.

साहेब माणूस वाईट नव्हे. फक्त ताठ. मान ताठ, कंबर ताठ, बुटांच्या नाड्यासुद्धा ताठ. लग्नाच्या आदल्या दिवशी ऐन जेवणाच्या सुटीत मखमलाबादच्या निवृत्तीचा टेम्पो गेटातून आत आला. निवृत्तीचा फुलांचा मळा. मोगरा, गुलाब, शेवंती, सगळं ओल्या पोत्यांत गुंडाळलेलं, टेम्पोतून पाणी ठिबकतंय. साहेब स्वतः पुढे चालत कॉम्प्युटरच्या खोलीशी आले. आतल्या मुली जेवायला गेल्या होत्या. दारात झुंबर, स्वेटरसकट.

"ही फुलं आत ठेवून घे. उद्या सकाळी नेऊ."

"कशासाठी, साहेब?"

"कशासाठी म्हणजे? थंड राहतील."

"पोती ओली आहेत. खोलीला दमटपणा चालत नाही."

"एका दिवसानं काय होतंय?"

"एका दिवसाची परवानगी नाही, साहेब. नियम आहे."

"नियम मी केलाय!"

"हो ना. म्हणून तर पाळतोय."

एवढं बोलून झुंबर आत गेला आणि त्यानं कडी लावली. आम्ही कँटीनमधून हातात घास तसाच धरून बाहेर आलो. जीएम साहेबांच्या तोंडावर कोणी दार लावलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो आणि अशी गोष्ट बसून बघणं बरं दिसत नाही.

"झुंबर! नोकरीवर राहायचंय की नाही?"

काचेमागून आवाज यायला झुंबरला ओरडावं लागत होतं, त्यामुळे पुढचं सगळ्या कंपनीनं ऐकलं.

"राहायचंय, साहेब. दोन पोरं शाळेत आहेत. पण ऐका. माझे वडील तरुणपणी याच नाशकात एका दारापुढे वर्षानुवर्षं उभे राहिले. आत कोणाला घ्यायचं ते आतले लोक माणूस बघून ठरवायचे. दार काही उघडलं नाही. माझ्या हातात आयुष्यात एकच दार आलंय. ते माणूस बघून उघडणार नाही. काम असेल तर जोडे काढून या, मी स्वतः सपाता देतो. काम नसेल तर कोणीच नाही. तुम्ही नाही आणि मीसुद्धा सुटीच्या दिवशी नाही!"

ते कोणत्या देवळाचं दार, हे नाशकात कोणाला विचारावं लागत नाही. मग झुंबर जोरात शिंकला आणि आम्ही हातातला घास तोंडात टाकला.

निवृत्ती डोक्यावरचं मुंडासं सारखं करत पुढे झाला. "साहेब, राहू द्या ना. मोगऱ्याला ही कोरडी हवा मानवत नाय. मी आपल्या पाट्या इहिरीत सोडतो, दरसाल सोडतो. सकाळी बघा, कशी टवटवीत राहत्यात."

"तू मध्ये बोलू नकोस!"

आता साहेबांना फुलं ठेवायची नव्हती. आता त्यांना दार उघडून घ्यायचं होतं. त्यांनी वॉचमनला बोलावलं आणि कडी तोडायला सांगितलं. वॉचमन पहार शोधायला गेला, पण तो ती जितक्या हळू शोधत होता तितक्या हळू कोणी गवतातला मोती शोधत नाही.

तेवढ्यात गर्दीतून ठणठणीत आवाज आला. "सरका, सरका! दार उघडतंय म्हनं. माझं ताक आधी."

भिमाबाई. कंबरेवर घागर. त्या थेट साहेबांच्या पुढे जाऊन दाराशी उभ्या राहिल्या.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"ताक, साहेब. मला दोन वर्सापास्नं नाय म्हनतोय हा. आता उघडायचंच म्हनल्यावर माजा नंबर पहिला. तुमची फुलं मागून आली."

त्यांच्या मागे देवराम येऊन उभा राहिला. काखेत सतरंजी, हातात उशी. "मी फार जागा घेणार नाही, साहेब. कडेला पडून राहीन."

त्याच्यामागे मोतीराम, द्राक्षांचा हंगाम संपला म्हणून कलिंगड घेऊन. त्याच्यामागे पेंट शॉपचा कोणी आईसफ्रूटची पेटी घेऊन, कोणी औषधाची बाटली घेऊन, कोणी काहीच नसल्यानं पाण्याचा माठ उचलून. रांग कँटीनपर्यंत गेली. मी उघडी पाठ घेऊन नवव्या का दहाव्या नंबरावर उभा होतो. झुंबरनं ज्याला ज्याला हाकललं होतं, तो प्रत्येक जण त्या रांगेत होता आणि एकाच्याही चेहऱ्यावर झुंबरविषयी राग नव्हता. नकार सगळ्यांना सारखा मिळाला होता. तो आता कोणा एकाच्या फुलांसाठी फुकट जाऊ द्यायला कोणी तयार नव्हतं.

"अरे, ही कंपनी आहे की बाजार?" साहेब ओरडले.

"बाजारच म्हना," भिमाबाई म्हणाल्या. "पन बाजारात रांग मोडली तर लोक बोलत्यात, साहेब."

साहेब लालबुंद झाले. त्यांनी हात उंच केला आणि सगळ्या आवारात घुमेल असं म्हणाले, "कोणाचंही काहीही या खोलीत ठेवायचं नाही! कळलं? कोणाचंही नाही!"

काचेमागून झुंबर म्हणाला, "कळलं, साहेब. मी जेवायच्या आधीपासून तेच म्हणतोय."

निवृत्तीनं एव्हाना टेम्पो वळवलाही होता. फुलं विहिरीत गेली आणि लग्नात ती इतकी ताजी होती की मी मांडवात दोनदा वास घेतला. भिमाबाईंनी ताक तिथंच वाटून टाकलं. झुंबरनं कडी काढली तेव्हा त्याच्या हातात पहिला पेला त्यांनीच दिला आणि वर ऐकवलं, "थंड नाय हां. तुझ्यामुळंच."

त्या वर्षी झुंबरची पगारवाढ अडली. कोणी हळहळलं की तो म्हणायचा, "थंड हवेत वाढ कमीच होते." कडी त्यानं नंतर बदलून घेतली, अधिक जाड.

आणि जीएम साहेब? ते त्या खोलीत परत कधी गेले नाहीत. दिल्लीहून पाहुणे आले तरी ते त्यांना काचेबाहेरूनच जावई दाखवायचे. ज्यांना पाहणीचं काम असेल ते पाहुणे जोडे काढून आत जायचे, साहेब बाहेर उभे राहायचे. झुंबरनं मात्र सपातांच्या ओळीत नऊ नंबरचा एक नवा जोड ठेवला होता. कंपनीत नऊ नंबर एकट्या साहेबांचा. तो जोड झुंबर रोज सकाळी फडक्यानं पुसायचा.

साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. हारतुरे झाल्यावर माझ्याकडची एक सही करून ते माझ्यासोबत त्या बाजूनं निघाले आणि काचेपाशी थबकले. झुंबरनं आतून पाहिलं. दार उघडलं, स्वेटर खाली ओढला आणि नऊ नंबरच्या सपाता उंबऱ्याशी ठेवल्या. "शेवटची पाहणी हे काम आहे, साहेब."

साहेबांनी सपातांकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

"नाड्या फार घट्ट बसल्यात रे, झुंबर."

"मी थांबतो, साहेब."

साहेबांची कंबर किंचित हलल्यासारखी मला वाटली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते गेटाकडे चालू लागले, ताठ.

झुंबर खरोखरच थांबला होता. गाडी गेटाबाहेर पडेपर्यंत त्यानं दार हातानं धरून ठेवलं. मग सपाता पुसून ओळीत लावल्या, दार ओढून घेतलं आणि मला म्हणाला, "तुमचं काही काम आहे का आत?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

तेवढ्यात सुई रेघेखाली घसरली. त्यानं घंटेची दोरी ओढली आणि कँटीनमध्ये कोणी तरी नवशिका ताट घेऊन उठला.