कुलूपवाले साहेब

छत्तीसगड नवीन राज्य झालं तेव्हा आमचे साहेब आधी शिक्षण खात्यात मोठे अधिकारी झाले, मग राज्यातल्या सगळ्या वाचनालयांचे आयुक्त. मी त्यांचा ड्रायव्हर. माझी शाळा लवकर सुटली, म्हणून साहेब किती शिकले होते ते मला नाही सांगता येत. कपाटाला कुलूप मात्र झकास लावत.

पुस्तक हरवलं की ग्रंथपालाला जाब द्यावा लागे. साहेबांनी त्यावर तोड काढली, पुस्तक कोणाला द्यायचंच नाही.

ब्राह्मणपाऱ्यातल्या वाचनालयाच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. खुर्च्या भरायला वाचक कुठून आणायचे? साहेबांनी आम्हा कर्मचाऱ्यांच्या बायका बोलावल्या. प्रत्येकीच्या हाती एक पुस्तक. एकीनं तर उलटंच धरलं होतं. माझी बायको वर्ध्याकडची, सातवी शिकलेली. तिच्या हाती मराठी कादंबरी आली आणि ती खरंच वाचत बसली. कार्यक्रम आटोपून मंत्र्यांची गाडी परत वळली न वळली, तोच साहेबांनी तिच्या हातातून पुस्तक ओढलं आणि कपाटात टाकलं.

घरी येईस्तोवर तिचा त्या कादंबरीचाच धोशा. "नवऱ्यानं हाकलली हो तिले. पुढं काय झालं असन त्या पोट्टीचं? साहेबाले विचारा ना."

विचारलं. साहेब म्हणाले, "अरे, बाहेर गेलं की पुस्तक खराब होतं. बाईंना म्हणावं, टीव्ही पाहा."

मग ती आजारी पडली. खाटेवर पडल्या पडल्या विचारायची, "गेली असन का हो ते नवऱ्याकडं परत?" मी पुन्हा साहेबांकडे. तेच उत्तर. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

गेल्या महिन्यात समता कॉलनीत साहेबांचा सत्कार झाला. साहेब छाती फुगवून बोलले, "माझ्या कारकिर्दीत एकही पुस्तक हरवलं नाही!" टाळ्या. मग जुन्या ड्रायव्हरनंही दोन शब्द बोलावेत म्हणे. मी माईक घेतला.

"हरवन कसं साहेब? तुमी देल्लं कोणाले?"

हॉल खो खो हसला. साहेबही हसले, दात दाखवण्यापुरते. मी तिथंच ती कादंबरी मागितली. चारचौघांत नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी ग्रंथपालानं काढून दिली. कोरी करकरीत. बायकोनंतर तिला कोणी हातच लावला नव्हता.

सुनेला म्हटलं, रोज थोडी थोडी वाचून दाखव. सून इथलीच, छत्तीसगडची. मराठी अडखळत वाचते, उत्तर हिंदीत देते. काल शेवटचं पान झालं.

"बाबूजी, लड़की वापस नहीं गई."

"हव," मी म्हटलं.

एवढंच तर उत्तर होतं. बायकोला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मले माहीतच होतं," आणि मग मलाच पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगत बसली असती.