बुटात न जाणारे पाय

कुरुळीत, कारखान्यांच्या पट्ट्यात, आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. ते परभणीकडचे, माझ्याहून बरेच मोठे, वेल्डिंगवर कंत्राटी. मी त्याच कंपनीत, कामगारांसाठी पत्रकंही काढायचो. त्यांना भाऊ म्हणायचो. शिफ्ट उलट्या पडल्या की आठवडाभर बोलणं दारातच: एक निघतोय, एक येतोय.

भाऊंना बीपीची गोळी सुरू झाली. बीपी उतरलं, पण घोटे असे सुजले की सेफ्टी बूट चढेनात. बुटाशिवाय गेटमधून आत घेत नाहीत.

"बूट घालू का गोळी खाऊ? तूच सांग राव, पत्रकं छापतोस ना."

मी सांगितलं. रक्तवाहिनीच्या भिंतीतही स्नायू असतो. त्याच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यातून कॅल्शियम आत शिरलं की स्नायू आवळतो. ही गोळी त्यातली बरीच दारं लावून टाकते. धमनी सैल पडते, दाब उतरतो. पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, म्हणून पाणी घोट्यात झिरपतं. डॉक्टर डोस कमी करतील, नाहीतर गोळी बदलतील. फक्त जाऊन दाखवा.

"रजा तू देतो का?"

सुपरवायझरनंही दिली नाही. भाऊंनी गोळीच सोडली. सूज उतरली, बूट चढले. म्हणाले, "बघ, तुझं कॅल्शियम."

मग कंत्राट नवं करायची मेडिकल आली. आमच्याकडं रीतच आहे: बीपीवाले रांगेत उभे राहून एकमेकांच्या पाकिटातली गोळी गिळतात, डोकेदुखीवर घ्यावी तशी. पण ही गोळी हळू चढते. तिला काही तास लागतात, पुरता गुण यायला आठवडा तरी जातो. भाऊंनीही रांगेतच गिळली. मशीननं आकडा चढाच दाखवला. गेटपास तिथंच काढून घेतला.

बीपी मोजायला कंपनीकडं मशीन आहे, दवाखान्यात जायला रजा नाही. ही मेडिकल म्हणजे माणसं गाळायची चाळण, एवढंच. असं मी पत्रकात लिहिलं. गेटवर लोकांनी ते घेतलं, घडी करून खिशात घातलं. एक जण म्हणाला, "खरंय भावा. पण माझ्याशी इथं बोलू नकोस."

खोलीत आता मी एकटाच. परवा भाऊंचा गावाहून फोन आला. तिथल्या डॉक्टरनं गोळी बदलली. पाय बरे, बीपी बरं.

"मग या की परत."

"आता कोण घेतंय राव," म्हणाले. "बोल काहीतरी. इथं दिवस जात न्हाई."

मी आजच्या शिफ्टचं सांगत बसलो. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही.