चिन्नोरची जाहिरात आणि भेटायला आलेली माणसं

बायको फाल्गुनात गेली. आतल्या खोलीत चिन्नोरची पोती तशीच राहिली.

बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीच्या पुढच्या एका गावात सहा बायका हा बारीक, वासाचा तांदूळ पिकवतात. माझी बायको तो इंटरनेटवरून पुण्या-नाशिकच्या घरांना विकायची. चिन्नोर उशिरा येतो आणि कमी येतो, म्हणून ती घेणार असेल तरच त्या पेरत. तेरवीला त्यांच्यातली वडीलधारी आली. जेवली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, आज बोलू नये, पण रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी सांगा. पोती निघाली तं रोपासाठी चिन्नोरचे पऱ्हे टाकू. नाही तं साऱ्याजणी हायब्रीड. मंग बियाणं बी राह्यणार नाही."

मी हौ म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हौ म्हणत होतो.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. विकणं मला कधी जमलं नाही. माझी पुतणी नागपुरात जाहिरातींचंच काम करते. तिनं फोनवर दोन रस्ते सांगितले. पहिला असा की, कोणी चिन्नोर तांदूळ असं शोधलं की आपली जाहिरात दिसणार आणि त्यानं ती दाबली तरच आपले पैसे जाणार. दुसऱ्यात आपण एखादी साइट निवडायची. तिथं जाहिरात नुसती दिसली तरी पैसे लागतात, कोणी दाबो की न दाबो.

"काका, पैसे एकाच रस्त्याला पुरतील. कोणता?"

"दाबल्यावर जातात तो," मी म्हणालो. न दाबणाऱ्याचे पैसे कशाला द्यायचे, एवढाच विचार केला. तो तरी केला की नाही, आठवत नाही.

जाहिरातीतले शब्द बायकोचेच ठेवले. 'बालाघाटचा चिन्नोर. शिजला की शेजारी विचारतात.' बाजूला सुपातल्या तांदळाचा फोटो होता. सूप धरलेले हात तिचे होते. जाहिरात सुरू झाल्याचं पुतणीनं घरच्या ग्रुपवर टाकलं.

आठ दिवस मी सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसत होतो. दहा वाजायच्या आत त्या दिवसाची रक्कम संपलेली असायची आणि ऑर्डर एकही नसायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चहा निवून जायचा, मी उठायचो. नवव्या दिवशी पुतणीनं कुठून कुठून दाबलं गेलं ते उघडून पाहिलं आणि तिचा फोन आला.

"गोंदिया, तुमसर, आमगाव, काटोल, राजेगाव. काका, ही तं आपली पत्रिका वाटायची यादी आहे!"

मी गोंदियाच्या मेव्हणीला फोन लावला.

"हौ ना भाऊजी, आम्ही सारेच रोज चिन्नोर शोधून दाबून राह्यलो," ती म्हणाली. "ताईचे हात दिसतात. तुमच्याकडे येणं तं होत नाही, माहे गुडघे गेले. म्हटलं, निदान हजेरी लावावी. तुमसरच्या मामीले तं मी शिकवलं. मामी म्हणे, दाबलं की भाऊजीले समजते."

"तांदूळ कोणी मागवला नाही."

"काहून मागवू? वरीस नाही झालं. दुःखाच्या घरचा तांदूळ विकत घेतला तं लोक काय म्हणतील? फुकट पाठवाल तं खाऊ."

ती हसली आणि मग हसल्याबद्दल रडायला लागली. एकेका दाबण्याचे पैसे आपल्याला पडतात हे तिला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर सगळे भरपाई करायला निघाले असते.

मी पुतणीला विचारलं, एकाच माणसाचं पुन्हा पुन्हा दाबणं मोजत नाहीत ना?

"एकानंच दहादा दाबलं तं ते बिलातून काढून टाकतात. पण ही साठ माणसं आहेत काका, साठ फोनवरून. याले काय म्हणायचं?"

भेटायला येणं म्हणायचं, पण ते मी तिला बोललो नाही. रोहिणीला अडीच आठवडे होते. मी म्हटलं, उरलेले पैसे साइटवर लाव.

"कोणत्या?"

बायको दुपारी एका मराठी स्वयंपाकाच्या साइटवर बसलेली असायची. तिथं कोणाचा भात चिकट झाला, कोणाचा करपला, याच्या खाली ती सावकाश उत्तरं लिहायची. मी तीच सांगितली. पुतणीनं विचारलं, "काकू बसत होती म्हणून का?" मी म्हणालो, "तिथले लोक रोज भात शिजवतात म्हणून." दोन्ही खरं असावं. मला तेव्हा कळत नव्हतं.

या वेळी ग्रुपवर काही टाकलं नाही. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी एक ऑर्डर आली, मग तीन, मग रोज दोन-चार. ओळखीचं नाव एकही नव्हतं. एका बाईनं लिहिलं, 'ताई, मागच्यासारखाच आहे ना?' मी 'हो' असं उत्तर दिलं. खाली दुसरं काही लिहिलं नाही. तांदूळ तोलायचा, पिशवी शिवायची, पत्ता चिकटवायचा. हात चालत होते.

रोहिणी लागायच्या आदल्या दिवशी त्या वडीलधारीचा फोन आला.

"बोला भाऊ."

"एक तृतीयांश पोती निघाली."

"मंग?"

"सहाजणींचा नाही घेऊ शकणार. दोघींचा घेतो, पक्का. चौघींनी हायब्रीड टाकावं."

"आन् त्या दोघी कोण?"

"ते मी कसं सांगू?"

"तुम्हालेच सांगा लागते. आम्ही ठरवलं तं भांडण होईल. ताई ठरवून सांगत होती, कोणी चिडो की रुसो."

मला त्या सहाजणींची तोंडंसुद्धा नीट आठवेनात. तेरवीला आलेली एकच आठवत होती, जेवली नाही म्हणून.

"एक तुम्ही," मी म्हणालो. "दुसरी, जिच्याकडे बियाणं सगळ्यात चांगलं ठेवलेलं आहे ती."

"ते माही जाऊ आहे. आमचं बोलणं नाही."

"मग तिला तुम्हीच सांगा."

"लय कठीण काम देता भाऊ," ती म्हणाली. मग फोन हातात तसाच ठेवून तिनं अंगणात हाक मारली, बहुधा त्या जावेलाच.