विमानाच्या पत्र्याचा कलथा

इब्राहिमचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आम्हा दोघांसाठी बांगडे घेऊन अल थुमामातल्या आमच्या खोलीवर परतत होतो. वर्कशॉपमध्ये छातीत कळ आली आणि खलास... हातातल्या पिशवीचं काय करावं, तेच मला सुचेना.

इथे आखातात, अल रय्यानला एका हौशी शेखांच्या वर्कशॉपमध्ये आम्ही कामाला. चाचा रत्नागिरीचे, पत्रेकामातले. मी साताऱ्याचा, स्टोअर सांभाळतो. तिथे महायुद्धातलं एक लढाऊ विमान आणलंय. अमेरिकेनं ते दोस्त म्हणून रशियाला दिलं, तिथे ते पडलं आणि कित्येक वर्षांनी तळ्यातून वर निघालं. त्याच्या पंखावर हात फिरवत चाचा म्हणायचे, "बांधलं एकानं, उडवलं दुसऱ्यानं, पाडलं तिसऱ्यानं. मग मालक कोण रे, दिलीप?"

"पगार देतो तो."

"तू स्टोअरकीपरच राहणार!"

पंखाचा खराब पत्रा उतरवून नवा बसवायचा, जुना भंगारात. त्यातला गोळीचं भोक पडलेला एक तुकडा चाचांनी मागितला, मी दिला. त्याचा त्यांनी कलथा केला. बांगडा उलटताना भोकातून तेल गळायचं. चाचा म्हणायचे, "माणसं मारायला निघालेलं, आता मासे परततंय. सुधारलं बिचारं!"

मग शेखांचं फर्मान आलं. जुना पत्राच खरा ऐवज, भोकाचा तो तुकडा काचेच्या कपाटात ठेवायचाय, शोधा. चाचा म्हणाले, "देऊन टाकू या काय रे?" मी म्हटलं, "आता त्याचा कलथा झालाय. गप्प बसा." ते गप्प बसले, पण कलथा पुन्हा हातात घेतला नाही. त्या काळजीनंच तर... डॉक्टर नाही म्हणतात. मला कळत नाही.

मय्यत रत्नागिरीला गेली. सामान मी बांधलं. कलथा मात्र पेटीत ठेवून पुन्हा बाहेर काढला. गेल्या आठवड्यात चाचींचा फोन आला, "दिलीपभाऊ, तो विमानाचा कलथा तेवढा पाठवा. फोनवर लय मिरवायचे." वर्कशॉपमध्येही अजून विचारतात. शेखांना द्यावा तर चाचांच्या नावाला चोरीचा डाग. चाचींना द्यावा तर चोरीचा माल त्यांच्या घरात. सापडेल, इन्शाल्ला, असं दोन्हीकडे सांगून बसलोय. शेखांना मराठी येत नाही. चाचींच्या वाचनात मात्र हे लिहिलेलं येईल.

काल बांगडे आणले, सवयीनं दोघांपुरते. कलथा काढला. माझा मासा ताटात घेतला, दुसरा उचलला आणि कोणाला वाढायचा ते न कळून तसाच धरून उभा राहिलो. भोकातून तेल तव्यात गळत होतं.